दुसरी खूण

१

धाकटी लिफ्टच्या कंपनीत कामाला होती. लिफ्ट वर-खाली नेणारी यंत्रं बघणारे लोक वेगळे, हिच्याकडे फक्त बटणं. बटण दाबल्यावर पुढे काय व्हायचं, ते ठरवणारा प्रोग्रॅम ती लिहायची. ऑफिसात तिला बटणबाई म्हणत, आणि तिलाही ते मनातून आवडायचं. माणूस घाईत असला की एकच बटण पाच वेळा दाबतो, जणू काही पाचदा दाबलं की लिफ्ट लाजून लवकर येणार आहे. त्या पाचही दाबण्या एकच धरायच्या, ही या धंद्यातली पहिली शिकवण. बारा वर्षं हेच करून तिला एक सवय जडली होती. कुठलंही बटण दिसलं की ते दाबणारा हात कसा असेल याचा ती आधी विचार करी.

म्हणूनच अप्पांच्या हाताचा विचार तिनं मनापासून केला. अप्पा तिचे वडील. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली, आणि निवृत्तीनंतर चार वर्षांनी झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली आणि परत आली, पण येताना चाल मंद करून आली. डोकं मात्र ठणठणीत होतं. औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीतली शुद्धलेखनाची चूक ते अजून पडल्या पडल्या दाखवत. त्यांना एकच हवं होतं. तरुणपणी त्यांनी एका जाडजूड कादंबरीची मुद्रितं तपासली होती, अकराशे चाळीस पानं. "तेव्हा... अक्षरं पाहिली," ते म्हणाले. "गोष्ट... राहिलीच."

तेवढं जड पुस्तक एका हातात धरणं शक्य नव्हतं. दादा, म्हणजे धाकटीचा मोठा भाऊ, दूर राहायचा. त्यानं आपलं कर्तव्य कुरिअरनं पाठवलं, एक ई-रीडर. अप्पा त्याला पाटी म्हणू लागले. पाटी हलकी होती, अक्षरं मोठी करता येत होती, पण पान उलटायची दोन्ही बटणं उजव्या कडेला. उजवा हात असलेल्यांनाच वाचायला आवडतं, अशी कंपनीची समजूत असावी.

धाकटीनं बाह्या सरसावल्या. कंपनीचं सॉफ्टवेअर बाजूला सारून तिनं स्वतःचं लिहिलं. पाटी उलटी धरली की अक्षरं सुलटी होत आणि बटणं डाव्या अंगठ्याखाली येत. वरचं बटण पुढचं पान, खालचं मागचं. झटक्यानंतर अप्पांच्या डोळ्यांना उजेड सोसत नसे, खोलीचे पडदे दिवसाही ओढलेले असत. म्हणून पाटीतला उजेड एकदम न लागता हळूहळू चढायचा, आणि पंधरा मिनिटं बटण दाबलं नाही की हळूहळू उतरायचा. पूर्ण मात्र विझायचा नाही. चोवीस पायऱ्यांपैकी तिसऱ्या पायरीवर तो थांबेल असं तिनं मुद्दाम लिहिलं होतं, कारण अप्पा डोळे उघडतील तेव्हा समोर मिट्ट काळोख नको.

आणि तिनं दोन खुणा केल्या. पानाच्या तळाशी एक बारीक रेघ, तीवर दोन त्रिकोण. काळा अप्पांचा, पोकळ तिचा. दोन्ही बटणं एकत्र दाबून धरली की तिचं पान उघडायचं. "आपण दोघं वाचू, अप्पा," ती म्हणाली होती. "मी कामावरून आले की माझी पानं वाचेन, मग बोलू त्यावर." अप्पांचा चेहरा डाव्या बाजूनं खुलला होता.

ते झालं पाच आठवड्यांपूर्वी. तिनं पहिलं पान दोनदा वाचलं होतं. एकदा फोन आला, एकदा डोळा लागला. काळा त्रिकोण रोज थोडा पुढे सरकत होता आणि पोकळ त्रिकोण डाव्या टोकाला तसाच उभा होता. अप्पा त्याविषयी एका शब्दानं बोलले नव्हते. त्यांचं न बोलणंच तिला जास्त लागत असे.

प्रत्येक दाबणीची नोंद ठेवायचं तिनं लावून दिलं होतं. किती वाजता, कुठलं बटण, कुठलं पान, उजेड किती. संध्याकाळी ती नोंद लॅपटॉपवर उतरवून दादाला कळवायची, सुरुवातीला आज पाच पानं झाली, आज सात, आणि आता रोज पंचवीस. त्या मंगळवारीही तिनं ती उघडली. अप्पांची पंचवीस पानं होती, दुपारी चार ते सहा. पान ४१२. त्याच्या वर, सकाळी दहा चाळीसपासून पुढे, आणखी साठ दाबण्या होत्या.

२

"मावशी, सकाळी पाटीला हात लावला होता का कुणी?"

मावशी अप्पांची शुश्रूषा करायला यायच्या, आठ ते सहा. त्यांनी पर्स खांद्याला लावता लावता मान उडवली. "मी कशाला लावू ताई? मला रिमोटची दोन बटणं कळतात, ती पण चुकतात."

"दहा चाळीसला अप्पा काय करत होते?"

"काय करणार? अंघोळ झाली की मी त्यांना डाव्या कुशीवर करते, भिंतीकडे तोंड. पाठीला वारा लागायला पाहिजे, नाहीतर जखमा होतात. अर्धा तास तसेच असतात. मी तोवर कपडे धुऊन घेते."

डाव्या कुशीवर म्हणजे चालता हात अंगाखाली दाबलेला. पाटी त्यांच्या पाठीमागे, खुर्चीशेजारच्या टेबलावर. धाकटीनं मनातल्या मनात हे चित्र दोनदा तपासलं.

मग तिनं डोकं शांत ठेवून कामाला हात घातला. बिघडलेलं बटण आपोआप दाबल्यासारखं वागतं, हे ती नव्या लोकांना शिकवायची. पण बिघडलेलं बटण सुसाट सुटतं, सेकंदात पन्नास वेळा. इथे दोन दाबण्यांमध्ये अकरा सेकंदांचं अंतर होतं. सगळ्यांमध्ये अकरा. आणि सुरुवातीला एक नोंद होती, दोन्ही बटणं एकत्र, तीन सेकंद धरलेली. अप्पांच्या एका अंगठ्याला ते जमणं शक्यच नव्हतं. त्यासाठी दोन हात लागतात. तिनं ते स्वतःसाठीच ठेवलं होतं.

उजेडाच्या रकान्यात तीन, दोन, एक, शून्य असं उतरत गेलेलं होतं आणि पुढे साठही ओळींत शून्य. शून्यावर जायचा रस्ताच तिनं प्रोग्रॅममध्ये ठेवला नव्हता. तिनं आपलं लिखाण वरपासून खालपर्यंत वाचलं. रस्ता नव्हताच.

"चूक माझीच असणार," ती स्वतःला मोठ्यानं म्हणाली. चूक आपली निघाली की तिला नेहमी हायसं वाटायचं, कारण आपली चूक दुरुस्त करता येते. तिनं दोन-तीन ओळी उगाच घट्ट केल्या आणि झोपायच्या आधी पाटी अप्पांच्या टेबलावर ठेवायला गेली. तळाच्या रेघेवर पोकळ त्रिकोण टोकापासून हलला होता. पान ६१.

अप्पांनी तिच्या हातातल्या पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांचे डोळे भरून आले होते. "सुरू... केलंस," ते म्हणाले.

खरं सांगायला तिनं तोंड उघडलंही. पण पाच आठवड्यांत अप्पा असे तिच्याकडे पाहून हसले नव्हते. "हो," ती म्हणाली. "केलं अप्पा." वेळ मारून नेली, आणि तिला थोडं बरंही वाटलं.

३

बुधवारी साठ. गुरुवारी साठ. धाकटीनं बटणं उघडून पुसली, पाटी एकदा पूर्ण बंद करून चालू केली, टेबल हादरतं का तेही पाहिलं. शुक्रवारी साठ.

तिला जास्त अस्वस्थ केलं ते अकरा सेकंदांनी. वाचणारा माणूस अडखळतो, एखाद्या पानावर रेंगाळतो, कंटाळवाणं वर्णन उडवतो. प्रकरणाच्या शेवटच्या पानावर कधी दोनच ओळी असतात, तिथे कुणाला अकरा सेकंद लागत नाहीत. पुस्तकाच्या दुसऱ्या भागाआधी एक पान संपूर्ण कोरं होतं. तिथेही अकरा सेकंद लागले होते. मग हे वाचन नव्हतंच. कुणीतरी नुसतं चालत येत होतं, आणि अप्पांच्या दिशेनं.

हिशेब करायचा नाही असं ठरवून तिनं तो केला. अप्पा रोज पंचवीस पानं, हे जे कोणी होतं ते साठ. दोन त्रिकोणांतलं अंतर रोज पस्तीस पानांनी कमी होत होतं. आणखी सात-आठ दिवस.

शनिवारी संध्याकाळी तिनं अप्पांना सूप भरवलं. अप्पा खुशीत होते. "काल तू म्हणालीस... पुस्तकातल्या त्या धाकट्या सुनेचं," ते म्हणाले. "बरोबर आहे तुझं. मला... सुचलं नव्हतं."

"मी कधी म्हटलं?"

"सकाळी. वाचता वाचता." त्यांनी चमचा येईस्तोवर दम घेतला. "पाठीमागे बसून वाचतेस. टिक... टिक. बरं वाटतं."

तिच्या हातातला चमचा वाटीवर वाजला. "अप्पा, मी सकाळी कामावर असते."

त्यांनी तिच्याकडे जुन्या नजरेनं पाहिलं, नको त्या जागी स्वल्पविराम पडलेला दिसावा तसं. "उगाच," ते म्हणाले आणि तोंड उघडलं.

तिनं मावशींना गाठलं. मावशी जरा ओशाळल्या. "बोलत असतात हो ताई. मी बाथरूममध्ये, नळ चालू, नीट ऐकू येत नाही. मला वाटलं तुम्ही फोनवर बोलता त्यांच्याशी. हसतात पण मध्येच."

"अप्पांकडे फोन नाही, मावशी."

"ते माझ्या लक्षातच नाही आलं बघा," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांनी फोनवर समजावलं. असं होतं, मेंदू रिकाम्या जागा भरून काढतो. त्यांना आनंद मिळतोय ना? मग खोडून काढू नका, हो ला हो म्हणा. धाकटीला ते पटलं. म्हणजे, पटवून घेतलं. पण नोंद लॅपटॉपवर तशीच होती, आणि लॅपटॉपला झटका आलेला नव्हता.

दादाला सांगून पाहिलं. "तू दमलीयस," तो म्हणाला. "नाहीतर असं कर ना, खरंच वाच की तू ते पुस्तक. म्हणजे मिटलं."

तिला त्याचा राग आला. तो बरोबर बोलत होता म्हणून जास्त आला.

४

रविवारी ती घरीच होती. सकाळी साडेदहाला मावशींनी अप्पांना कुशीवर केलं आणि धाकटीनं मनाशी म्हटलं, आज मी जाऊन बसते. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. एका इमारतीची लिफ्ट रिकामीच वर-खाली फिरत होती, दर मजल्यावर थांबत होती, दारं उघडत होती. बटणांचा घोटाळा, म्हणजे बटणबाई. ती स्वयंपाकघरात उभी राहून तासभर त्यांना एकेक ओळ सांगत राहिली. फोन ठेवला तेव्हा अकरा वाजून गेले होते.

ती अप्पांच्या खोलीत शिरली. मावशींनी त्यांना उठवून उशांना टेकवलं होतं.

"परत आलीस?" अप्पा म्हणाले. "आत्ता तर... गेलीस."

पडदे ओढलेल्या खोलीत पाटी टेबलावर होती. टेबलाजवळची खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ सरकलेली होती. मावशींना विचारायचं तिनं टाळलं. काय उत्तर येईल ते तिला ठाऊक होतं.

"अप्पा, आज काय बोललो आपण?" तिनं विचारलं. आवाज साधा ठेवायला बरेच कष्ट पडले.

"आईचं." अप्पांनी डोळे मिटले. "तू... रडलीस. बरं झालं. तेव्हा रडली नव्हतीस."

आई गेली तेव्हा धाकटी रडली नव्हती, हे खरं होतं. सहा वर्षांत त्यावर या घरात कुणी बोललं नव्हतं. अप्पांच्या ते लक्षात आलं असेल असंही तिला कधी वाटलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली. भीती होतीच, पण तिच्याखाली आणखी काही होतं, आणि ते भीतीपेक्षा जास्त बोचत होतं. आपल्या वाट्याचं बोलणं कुणीतरी येऊन बोलून गेलं होतं.

५

मंगळवारी तिनं रजा टाकली. अप्पांना सांगितलं नाही. नेहमीप्रमाणे आठ वाजता "येते" म्हणाली, बाहेरचं दार उघडून मिटलं आणि अनवाणी आपल्या खोलीत येऊन बसली. स्वतःच्याच घरात चोरासारखं बसायची वेळ आली, याचं तिला हसू यायला हवं होतं.

साडेदहाला मावशींनी अप्पांना भिंतीकडे वळवलं, धाकटीकडे एकदा पाहिलं आणि बाथरूमचं दार लावून घेतलं. नळ सुरू झाला. धाकटी अप्पांच्या अर्धवट उघड्या दाराशी येऊन उभी राहिली.

अप्पांची उघडी पाठ तिच्याकडे होती, मावशींनी कमरेपर्यंत ओढलेली चादर. मध्ये रिकामी खुर्ची. टेबलावर पाटी, तिसऱ्या पायरीचा फिकट पिवळा उजेड. दहा चाळीस झाले. काहीच झालं नाही, आणि तिचा जीव भांड्यात पडणार तेवढ्यात उजेड एका पायरीनं उतरला. मग आणखी एका. मग विझला.

पाटीची दोन्ही बटणं आत गेली आणि तशीच राहिली. एक, दोन, तीन. मग वर आली.

टिक.

"आलीस," अप्पा भिंतीकडे पाहत म्हणाले.

धाकटी बारा वर्षं बटणं पाहत आली होती. बटण खाली जाताना त्याच्यावरचं बोट तिला नेहमी कळायचं, हळुवार आहे की घाईचं, म्हातारं की लहान. हे बोट कुठलंच नव्हतं. बटण सरळ खाली जायचं, सरळ वर यायचं. अकरा सेकंद. टिक.

"नाही गं," अप्पा म्हणाले. थोडं थांबले, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखे. मग हसले. झटक्यानंतर असं पोटातून हसणं तिनं ऐकलंच नव्हतं. "तू लहान होतीस तेव्हा. छापखान्यात... यायचीस. माझ्या टेबलाखाली बसायचीस." परत थांबले. "हो. हो. तोच... शाईचा वास."

वास्तविक तिनं घाबरून पळायला हवं होतं. पण तिला मत्सर वाटला, झोंबणारा, लहानपणी दादाला अप्पांच्या मांडीवर बसलेलं पाहून वाटायचा तसा. टेबलाखाली ती बसायची. तो वास तिचा होता.

ती आत शिरली आणि पाटी उचलली. अप्पांना चाहूल लागली नाही, त्यांचं बोलणं चालूच होतं. तिनं पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली, अंगठा नेमका वरच्या बटणावर. तिनं दाबलं नव्हतं. अंगठ्याखालून बटण खाली गेलं आणि वर येताना तिच्या अंगठ्याला तटस्थपणे बाजूला सारून वर आलं.

६

आपल्या खोलीत तिनं दार लावून पाटी लॅपटॉपला जोडली. डोकं धंद्याच्या सवयीनं चालत होतं. ते जे काही होतं, ते तिच्या खुणेवरून चाललं होतं. तिनं रिकामी ठेवलेली जागा, तिनं केलेला त्रिकोण. खूणच नसेल तर ते चालणार कुठे? पाटीच्या आत एका बारीकशा फाइलमध्ये दोन आकडे होते. एक अप्पांचा, एक तिचा. तिनं आपला आकडा पुसला, फाइल साठवली आणि पाटी पुन्हा सुरू केली.

कागदाच्या रंगाच्या पडद्यावर अक्षरं उमटली. तळाशी रेघ उमटली. रेघेवर एकच त्रिकोण होता, काळा. तिनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मग नीट पाहिलं.

काळ्या त्रिकोणाला बारीक कडा होती. त्याच्यावर दुसरा बसला होता, अगदी बरोबर, पोकळ.

कारण तिला लगेच समजलं, कारण ते तिनंच लिहिलं होतं. पहिल्या दिवशी तिची खूण तयारच नव्हती, तेव्हा प्रोग्रॅम अडून बसू नये म्हणून घाईत एक ओळ टाकली होती. खूण सापडली नाही तर जे पान उघडं असेल तीच खूण समजायची. आणि पाटी पुन्हा सुरू झाली की आधी उघडायचं ते अप्पांचं पान. चार दिवसांची वाट तिनं स्वतःच्या हातानं एका झटक्यात संपवून दिली होती.

तिनं पाटी बंद केली. नुसती बंद नाही, मागचं झाकण काढून बॅटरीची तार उपटली, पाटी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप घातलं. मग पलंगाच्या काठावर बसून ती ऐकत राहिली. बाथरूममधला नळ थांबला. मावशी अप्पांच्या खोलीत गेल्या, त्यांना सरळ करून उशांना टेकवल्याची धडपड ऐकू आली. "बरं वाटतंय ना अप्पा?" मावशींनी विचारलं. अप्पांनी काय उत्तर दिलं ते कळलं नाही. मावशी बाहेर आल्या, धाकटीच्या दारावर टकटक केली.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही मगाशी आत होतात ना?"

"का?"

"अप्पा म्हणतायत, आता समोर बसायला लागली."

७

अप्पा ताठ बसले होते. चादरीवर त्यांचा डावा हात उताणा, त्यात काही नव्हतं. अंगठा दुमडायचा, उघडायचा. नजर समोर, छातीपासून वीतभर अंतरावर, डावीकडून उजवीकडे जायची, पुन्हा डावीकडे यायची, एकेक ओळ खाली उतरत. खाली पोचली की कुठूनतरी टिक ऐकू यायचं. मावशींनाही ऐकू आलं असावं, कारण त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

"अप्पा," धाकटी म्हणाली. "पाटी नाहीये हातात. काय वाचताय?"

त्यांनी मान वळवली. चेहरा प्रसन्न होता, दोन्ही बाजूंनी, आणि बोलणंही आता अडखळत नव्हतं. "या," ते म्हणाले. "मावशी म्हणाल्या कुणी आलंय."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "अप्पा, मी आहे. धाकटी."

"हो का?" ते सौजन्यानं म्हणाले. छापखान्यात आपली हस्तलिखितं घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसांशी ते असंच बोलत, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. "आमच्या मुलीलाही धाकटीच म्हणतो आम्ही."

"मीच तुमची मुलगी, अप्पा. मीच. टेबलाखाली बसायचे ना मी, शाईचा वास..."

"सांगत होती ती," अप्पा मान डोलावत म्हणाले. मग त्यांचा सूर मऊ झाला, एखाद्या अनुपस्थित माणसाची बाजू घ्यावी तसा. "पूर्वी नाही जमायचं तिला. कामाचा व्याप फार. मी कधी बोललो नाही, दुखावली असती. एक पान वाचलं होतं तिनं. पण ते एक पान दोनदा वाचलं होतं, मला माहीत होतं. मला तेवढंही पुष्कळ होतं."

धाकटीला रडू फुटलं. आईच्या वेळी न आलेलं, या महिन्याभरातलं, सगळं. ती पुढे झाली, त्यांचा हात धरायला म्हणून खुर्ची ओढली आणि बसायला लागली.

"अहो, तिथे नको," अप्पा घाईनं म्हणाले.

ती अर्धवट वाकलेली तशीच थांबली. खुर्ची रिकामी होती. पडद्याच्या फटीतून आलेला उजेड मात्र खुर्चीपर्यंत येऊन थांबत होता, पलीकडच्या भिंतीवर पोचत नव्हता. तिनं त्याकडे फार वेळ पाहिलं नाही. हळूहळू सरळ झाली, एक पाऊल मागे आली, मग आणखी एक.

अप्पांची नजर परत ओळींवर गेली होती. अंगठा दुमडला. टिक.

"मी थांबते मग, अप्पा," ती कशीबशी म्हणाली. "तिचं होईपर्यंत."

अप्पांनी तोंडावर बोट ठेवून तिला हळू बोलायची खूण केली.

"थांबा की," ते कुजबुजले. "पण तिला वेळ लागेल. पुष्कळ पानं आहेत अजून."